पाटीच्या विरोधातलं मत

माझ्या थोरल्या भावाने बारा वर्षं खपून उभं केलेलं काम मी एका हाताने खाली पाडलं. एका हाताने म्हणजे अगदी शब्दशः. समितीतलं मतदान हात वर करून झालं होतं.

दादा आमच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. मी त्याच विद्यापीठात कारकून म्हणून लागले आणि खात्याच्या परीक्षा देत देत उपकुलसचिव झाले. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा आणि हुद्द्याने चार पायऱ्या खाली. घरी तो मला 'चिमे' म्हणायचा, कार्यालयात 'मॅडम'. त्याला त्यात काही जड जात नसे. मलाच ऐकताना कसंतरी व्हायचं, पण मी त्याला कधी 'मॅडम म्हणू नकोस' असंही म्हटलं नाही.

त्या काळी बाहेरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय टपालाने यायचे, गठ्ठ्यांत बांधले जायचे आणि गठ्ठ्यांसकट हरवायचे. एका वर्षी भूगोलाचा अख्खा गठ्ठा जिन्याखालच्या अडगळीत सापडला, निकाल लागून चार महिने झाल्यावर. दादा त्या अडगळीत एक जुना तराजू शोधायला गेला होता. तराजू मिळाला नाही. तो गठ्ठा घेऊन वर आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, एकशे सहा जणांनी हे लिहिलंय. कुणी वाचलेलंच नाही."

मी चौकशी लावली. दादाने पाटी लिहायला घेतली.

पाटी म्हणजे संगणकावरची एक व्यवस्था. विद्यार्थ्याने तिच्यात उत्तर लिहायचं, शिक्षकाने शेजारी शेरा लिहायचा, आणि दोन्ही कायम एकमेकांना चिकटून राहायचं. पुढे तिच्यात धडे आले, हजेरी आली, वेळापत्रक आलं. दादा संगणक शाळेत शिकला नव्हता. इंटरनेटवर लोकांनी जगाला मोकळं वाटून टाकलेलं सॉफ्टवेअर वाचत वाचत शिकला होता. त्यामुळे पाटीही त्याने तशीच मोकळी ठेवली. ती ज्या ओळींवर चालते त्या सगळ्या ओळी उघड्या. कुणीही घ्या, वापरा, बदला.

"आणि कुणी चोरली तर?" मी एकदा विचारलं.

"चोरायला ती कुलपात कुठे आहे?" तो म्हणाला.

पाच-सहा वर्षांत ती आणखी अकरा विद्यापीठांनी घेतली. कुठल्या तरी दूरच्या ठिकाणच्या एका प्राध्यापिकेने पाटीतली एक चूक शोधून, दुरुस्त करून दादाला पाठवली, तेव्हा तो आठवडाभर जेवताना तेच सांगत होता. वहिनी शेवटी वैतागून म्हणाल्या, "त्या बाईंना एकदा घरीच बोलवा. मलाही बघू द्या."

दादाला पाटीसाठी खोली मिळाली ती तीच, जिन्याखालची. वाकून आत जावं लागे. आत दोन संगणक, परीक्षा हॉलमधला एक जुना बाक आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर पाटीतल्या राहिलेल्या चुका लिहिलेल्या असत. तीच यादी इंटरनेटवरही असे, कुणालाही वाचता यावी म्हणून. मी म्हणायचे, "आपले दोष आपणच का चव्हाट्यावर मांडतोस?" तो म्हणायचा, "दिसल्या तर कुणीतरी दुरुस्त करेल ना."

पाटीचा व्याप वाढला, माणसं वाढली नाहीत. पाटी सांभाळायला दादा एकटाच. त्याने दोन मदतनिसांची मागणी केली, एकदा नव्हे, तीनदा. त्या फाइली माझ्या टेबलावरून वर जायच्या. पहिली गेली आणि नामंजूर होऊन आली. दुसरीचंही तेच. तिसरी आली तेव्हा उपाहारगृहात कुणीतरी म्हणालेलं माझ्या कानावर आलं होतं, "बरंय बुवा, भावाची फाइल आणि बहिणीचं टेबल." मी तिसरी फाइल वर पाठवलीच नाही. तिच्यावर लिहिलं, 'तूर्त आवश्यकता दिसत नाही', खाली सही केली आणि जिन्याखाली परत धाडली.

दादा त्याबद्दल एक अक्षरही बोलला नाही. त्या रविवारी नेहमीसारखी मी त्यांच्याकडे जेवायला गेले, त्याने नेहमीसारखं मला आग्रह करून वाढलं.

मग कंपनी आली.

तिचा प्रतिनिधी चाळिशीतला, हसतमुख माणूस होता. एक प्रश्न विचारला की पंधरा स्लाइड दाखवायचा. आमच्या शिपायांनी त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी 'स्लाइडवाले' ठेवलं. त्याच्याकडे पाटीसारखीच पण दिसायला कितीतरी देखणी व्यवस्था होती, फोनवर चालणारी. शिवाय त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे हा मुलगा किंवा मुलगी शिक्षण सोडण्याच्या बेतात आहे. पहिली तीन वर्षं सगळं विनामूल्य आणि वर कंपनीच्या नावाची एक नवी प्रयोगशाळा. कुलगुरू हरखून गेले. "सगळं जग पुढे चाललंय," ते म्हणाले, "आणि आपण जिन्याखाली बसलोय."

समिती नेमली गेली. पाच जणांची. अध्यक्ष मी.

गणिताच्या बाई समितीत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तोंडावर बोलणारी बाई. त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून म्हणाल्या, "तुम्ही या समितीत बसू नका."

"का?"

"भाऊ आहे तुमचा. नाही म्हणून कळवा, दुसरं कुणी बसेल."

"भाऊ आहे म्हणूनच बसते," मी म्हटलं. "मी बाजूला झाले तर लोक म्हणतील, आतून सूत्रं हलवतेय. बसून काय ते सगळ्यांसमोर ठरवते."

बाईंनी दाराची कडी काढली. "मला भीती तुम्ही त्याची बाजू घ्याल याची नाहीये," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. खरं तर कळला होता.

सहा आठवडे दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवून बघितल्या. निकाल असा काही एकतर्फी नव्हता. अर्ध्या शिक्षकांना कंपनीची आवडली, अर्ध्यांना पाटी. विद्यार्थ्यांमध्ये पाटीचं पारडं थोडं जड होतं, कारण तिच्यात आठवड्याचे सगळे धडे एकदम उतरवून घेता येत आणि मग इंटरनेट नसलं तरी वाचता येत. दादाने ती सोय मुद्दाम केली होती.

शेवटची बैठक सकाळी अकराला, वरच्या सभागृहात. आधी स्लाइडवाले बोलले. सुरेख बोलले. शेवटी त्यांनी पडद्यावर एक पान उघडलं. दादाची चुकांची यादी होती ती.

"पाटीबद्दल मला पूर्ण आदर आहे," ते म्हणाले. "पण हे मी म्हणत नाही, त्यांनी स्वतःच लिहिलंय. आजच्या घडीला दोनशे चौदा चुका."

परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी चष्मा वर करून विचारलं, "आणि तुमच्या यादीत किती?"

"आमच्याकडे अशी यादी नाही, सर."

सगळे हसले. म्हणजे चुका नाहीत असाच अर्थ सगळ्यांनी घेतला, मीसुद्धा. म्हणजे घेतल्यासारखं केलं.

मग दादा उठला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. कॉलरचं शेवटचं बटण लावलेलं. तो सगळा वेळ पडद्याकडे तोंड करून बोलला. आधी जे चालत नाही ते सांगितलं, मग जे चालतं ते. त्याचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता. ठिपक्यांबद्दल त्याने एकच सांगितलं, "लाल का झाला हे आपल्याला आत जाऊन बघता आलं पाहिजे. नाहीतर तो वापरू नये."

तो खाली बसणार तेवढ्यात मी म्हटलं, "एक प्रश्न आहे."

मला आजही ते वाक्य पाठ आहे. मी म्हटलं, "तुम्ही एकटेच हे सगळं सांभाळता. उद्या तुम्हाला काही झालं, तर विद्यापीठाने काय करायचं? बारा वर्षांत तुम्ही दुसरा एकही माणूस तयार का केला नाहीत?"

'तुम्ही' म्हटलं मी त्याला. कार्यालयात म्हणावंच लागतं, पण त्या दिवशी तो शब्द जिभेवरून वेगळाच उतरला.

दादाने पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, 'मी तीनदा माणसं मागितली होती, तिसऱ्यांदा तुम्हीच नाही म्हणालात.' फाइल त्याच्याकडे होती. माझी सही होती तिच्यावर. पंख्याच्या वाऱ्याने कुणाचे तरी कागद फडफडत होते.

"राहून गेलं, मॅडम," तो म्हणाला आणि बसला.

मतं पडली. गणिताच्या बाई आणि ग्रंथपाल पाटीच्या बाजूने. परीक्षा विभागाचे प्रमुख आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ कंपनीच्या बाजूने. दोन-दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला, कंपनीसाठी.

खाली जाताना जिन्यात परीक्षाप्रमुख मला म्हणाले, "मानलं तुम्हाला. सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत." मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दिवसभर मी त्या वाक्यावर तरंगत होते. आपण किती ताठ कण्याच्या आहोत असं वाटत होतं. ज्याच्यासाठी कणा ताठ ठेवायचा ते काम खरोखर बरं की वाईट, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. लोक काय म्हणतील एवढ्याच एका मापाने मी मोजलं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं, खोटं कशाला बोला. फोनवर सगळं दिसायचं, मुलं खूष होती. नव्या प्रयोगशाळेच्या दारावर कंपनीचं नाव चकाकत होतं. दादाला 'संपर्क अधिकारी' केलं. म्हणजे शिक्षकांच्या तक्रारी गोळा करायच्या, कंपनीला पाठवायच्या आणि कंपनीकडून 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे' असं आलं की ते शिक्षकांना पाठवायचं. जिन्याखालचा फळा त्याने पुसून स्वच्छ ठेवला होता.

दुसऱ्या वर्षी एक बाई माझ्या कार्यालयात आली. बसमध्ये कंडक्टर होती, गणवेशातच आली होती. तिची मुलगी आमच्याकडे परिचारिकेचा अभ्यासक्रम करत होती. रुग्णालयात प्रत्यक्ष कामासाठी मुलं पाठवायची यादी लागली होती आणि मुलीचं नाव त्यात नव्हतं.

"नापास नाही, गैरहजर नाही," ती म्हणाली. "सरांना विचारलं तर म्हणतात, नावापुढे लाल ठिपका आहे. पण लाल का, ते सांगा ना मला."

ठिपका शिक्षकांनी लक्ष द्यावं म्हणून होता. परीक्षा विभागाने तो मुलं गाळण्यासाठी वापरला होता. मी कंपनीला फोन लावला. स्लाइडवाले तिथून केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेले होते. फोनवरचा नवा आवाज अतिशय अदबीने म्हणाला की, ठिपका कशावरून ठरतो ते सांगता येत नाही, ती कंपनीची खाजगी बाब आहे.

कंडक्टर बाई समोर बसून ऐकत होती. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" ती म्हणाली. रागाने नाही, नवल वाटून म्हणाली.

मी जिन्याखाली गेले. किती तरी दिवसांनी वाकून त्या दारातून आत शिरले.

"दादा, एका मुलीचा ठिपका लाल का झाला ते बघून दे."

"आत जाता येत नाही, मॅडम. दारच नाही."

"काहीतरी कर."

त्याने केलं. बाहेरून जेवढं दिसतं तेवढ्यावरून केलं. चाळीस लाल मुलं काढली आणि त्यांची एकेक तारीख ताडून बघत बसला. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन वर आला. ती मुलगी आणि तिची धाकटी बहीण यांच्यात एकच फोन होता. ती दर सोमवारी ग्रंथालयात येऊन आठवड्याचे धडे वहीत उतरवून घ्यायची आणि घरी नेऊन वाचायची. यंत्राच्या लेखी ती आठवड्यातून एक दिवस यायची आणि सहा दिवस गायब असायची. चाळिसांपैकी एकतीस जणांचं असंच काहीतरी होतं.

"हा माझा अंदाज आहे," दादा म्हणाला. "खात्री कंपनीलाच देता येईल."

त्याने सगळं लिहून कंपनीला पाठवलं. मी परीक्षाप्रमुखांना म्हटलं, "या मुलीचं नाव यादीत घाला, मी जबाबदारी घेते."

ते म्हणाले, "एकीसाठी हात घातला तर पक्षपात होईल, मॅडम. हे तुम्हाला मी काय सांगावं?"

मी यादी तशीच राहू दिली. कंपनीचं उत्तर नऊ आठवड्यांनी आलं, अंदाज बरोबर असल्याचं. तोवर रुग्णालयातलं काम अर्धं होऊन गेलं होतं. मुलीने विद्यापीठ सोडलं. यंत्राचं म्हणणं खरं ठरलं.

त्याच महिन्यात माझ्या टेबलावरच्या कागदांत दादाचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज निघाला. मी त्याला बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"अर्ज आहे, मॅडम."

"दादा, दार बंद आहे. नीट बोल माझ्याशी."

"सही करा," तो म्हणाला. "तीन वाजता टपाल निघतं."

मी सही केली. तो थँक्यू म्हणाला. त्यानंतर रविवारी जेवायला जाणं आपोआप सुटलं. मी फोन केला की वहिनी घ्यायच्या. कधी त्यांचं डोकं दुखत असायचं, कधी कुणी पाहुणे असायचे. मग मीच फोन करणं कमी केलं.

दोन वर्षं गेली. कुलगुरू बदलले. आणि एक दिवस पत्र आलं की, कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली आहे, आमची व्यवस्था आठ महिन्यांत बंद होईल, विद्यापीठाची सर्व माहिती विद्यापीठाला परत देण्यात येईल.

माहिती आली. पाटीतून त्यांच्याकडे गेलेली बारा वर्षांची, जिची प्रत आम्ही मागे ठेवली नव्हती, आणि नंतरची. पण उत्तरं एका ढिगात आणि शेरे दुसऱ्या ढिगात. कुठला शेरा कुठल्या उत्तराचा, हे जोडणारा धागा त्यांच्या यंत्रात होता आणि तो देण्याचं करारात नव्हतं. करार मी वाचला होता. ते कलम नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दादाला तो करार दाखवला असता तर पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं असतं.

निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई भेटायला आल्या. विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. सगळा माल त्यांच्या शेऱ्यांत होता. मी त्यांना समोर बसवून पडदा दाखवला. त्यांचेच शेरे होते, हजारो, एकाखाली एक. 'इथे चिन्ह पुन्हा बघ.' 'सुंदर. पण तिसऱ्या ओळीत घाई झाली.' 'घाबरू नकोस, हे सगळ्यांचंच चुकतं.'

"हे मी कुणाला म्हटलं होतं?" बाईंनी विचारलं.

"आता कळायला मार्ग नाही."

त्यांनी आणखी थोडं वाचलं. मग पर्स उचलली. मला वाटलं होतं, बोलतील. मी ऐकायची तयारीही केली होती. पण त्या फक्त म्हणाल्या, "चला. उन्हाच्या आत घरी जाते."

नव्या कुलगुरूंनी विचारलं, "ती पाटी म्हणतात ती आपल्याकडचीच ना? आता एकतीस विद्यापीठं वापरतात म्हणे. मग आपण का नाही?" त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या घरी गेले, न कळवता. दार वहिनींनी उघडलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"काम असल्याशिवाय आला नसाल," त्या म्हणाल्या.

"काम आहे. आणि काम नसतानाही यायला हवं होतं."

"तुम्हाला माहीतय का, हे त्या बैठकीहून आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, चिमीला सर्दी झालीय वाटतं, आवाज बसला होता. एवढंच सांगितलं मला. बाकीचं बाहेरच्यांकडून कळलं." वहिनींचा आवाज चढला आणि मग त्यांनीच तो आवरला. "या आत. पाणी आणते."

दादा खिडकीपाशी बसला होता. केस पार पांढरे झाले होते. समोर संगणक होता, मांडीवर वही. मला बघून त्याने वही बाजूला ठेवली.

"बस, चिमे."

त्या हाकेसरशी मी ठरवून आणलेलं सगळं विसरले. कुलगुरू, पाटी, सगळं राहिलं. मी म्हटलं, "दादा, तो प्रश्न मी विचारायला नको होता. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्याच सहीचं होतं."

"हं."

"तू का नाही बोललास? फाइल दाखवली असतीस तर मी तोंडावर पडले असते, पण पाटी वाचली असती."

"तेच तर," तो म्हणाला. "तेच मला खातं. तुझ्यावरचा राग फार दिवस नाही राहिला. स्वतःवरचा राहिला. मी तुला वाचवलं. सगळ्यांसमोर तुझी फजिती नको म्हणून गप्प बसलो, आणि त्या शिक्षकांचं, त्या मुलांचं काम घालवलं. ते माझं एकट्याचं नव्हतं घालवायला. नातं आड येऊ नये म्हणून तू अन्याय केलास. मी नातं आड येऊ दिलं. दोघांनी मिळून केलं ते."

वहिनी पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि त्या शेजारी बसल्या.

पाणी पिऊन झाल्यावर मी कामाचं बोलले. परत ये म्हटलं. सल्लागार म्हणून, मानाने, पाहिजे ती माणसं देते म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. "तिथे पाय नाही वळत माझे. आणि पाटी आता माझी राहिलेली नाही. नऊ जण मिळून बघतात, चांगले बघतात. मी फक्त मंगळवारी दुपारी नव्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. तुम्हीही या. इतरांसारखं नाव नोंदवा."

"आणि जुने शेरे? ते जोडता येतील?"

त्याने डोळे मिटून घेतले, हिशेब करत असल्यासारखे. "एखाद्या विभागाचे, अंदाजाने. सगळे नाही, चिमे. सगळे गेले."

मी उठले तेव्हा वहिनींनी मला जेवून जा म्हटलं नाही. फाटकापर्यंत मात्र आल्या.

आम्ही नाव नोंदवलं. एकतीस विद्यापीठांनंतरचं बत्तिसावं. पाटी पहिल्या सत्रात दोनच विभागांत सुरू झाली. दोन माणसांची मागणी मी स्वतः लिहिली आणि स्वतः कुलगुरूंकडे घेऊन गेले; ती पंधरा दिवसांत मंजूर झाली. इतकं सोपं होतं ते. सही झालेली फाइल हातात घेऊन मी बाहेर आले आणि बाकावर बसून राहिले.

पहिल्या मंगळवारी नव्या दोघांबरोबर मीही संगणकासमोर बसले. पडद्यावर पंचवीस-तीस चेहरे होते, कुठकुठले. कुणी दादाला 'सर' म्हणत होतं, कुणी 'काका'. तो पडद्याकडे तोंड करूनच बोलत होता, पण इथे तेच बरोबर होतं. त्याचा प्रत्येक शब्द सगळ्यांपर्यंत पोचत होता. लोक त्याला अडवत होते, तो हसत होता, एकाला म्हणाला, "ही चूक माझीच आहे, यादीत लिहा."

आमची पाळी आली. मीच प्रश्न विचारला. दुसऱ्या व्यवस्थेतून आलेली माहिती पाटीत भरताना तारखा उलट्या होतात, त्याचं काय करायचं. दादाने तो नीट ऐकून घेतला, एक उपप्रश्न विचारला आणि तीन पायऱ्यांत उत्तर सांगितलं. नव्या दोघांतल्या मुलीने लिहून घेतलं.

"समजलं?" त्याने विचारलं.

"समजलं," मी म्हटलं.

मला वाटलं, आणखी काहीतरी बोलेल. पण मागे बरेच जण थांबले होते. त्याने यादीतलं पुढचं नाव वाचलं आणि एका दूरच्या गावातल्या शिक्षिकेला म्हणाला, "बोला ताई, तुमची काय अडचण आहे?"